सरपंचाचं शेपूट

कुत्र्याच्या शेपटावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नावेळी झाली नव्हती. माझ्या वेळी वडिलांनी मुलगा पाहिला, मान हलवली, संपलं. इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये पिल्लानं अजून डोळेही उघडले नव्हते आणि घरात दोन पक्ष पडले.

पिल्लू माझ्या मुलानं, कुमारनं घ्यायचं ठरवलं होतं. जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसून त्याला पन्नाशीच्या तोंडावर शिकारीचा कंड सुटला. शेजारच्या डॅरलबरोबर फेझंट मारायला जायचं. फेझंट म्हणजे आपल्या कोंबड्याचाच चुलतभाऊ, कपडे तेवढे भारी घालतो. त्यासाठी म्हणे स्पॅनिअल जातीचा कुत्रा लागतो. तो झाडीत घुसून पक्षी उठवतो आणि मग हे दोघे नेम चुकवतात.

पिल्लं विकणाऱ्या बाईनं फोनवर विचारलं, शेपूट अर्धं कापून देऊ का? जन्मल्यावर दोन-चार दिवसांतच कापायचं असतं. झाडीत काम करणाऱ्या कुत्र्याचं शेपूट काट्यांनी फाटतं, म्हणून. कुमार लगेच हो म्हणाला.

माझी सून निधी म्हणाली, "उद्या तुझं बोट दारात सापडेल. मग आजच कापून ठेवूया का?"

निधी पुण्याची आहे, पण कधीकधी बरोबर बोलते.

मग दोघांनी मोबाइल काढले. निधीनं वाचून दाखवलं की एका कुत्र्याची जखम टाळायला शेकडो पिल्लांची शेपटं कापावी लागतात. कुमारनं वाचून दाखवलं की शिकारीच्या स्पॅनिअलांत निम्म्यांची शेपटं एका हंगामात फुटतात. मोबाइल दोघांचे एकाच कंपनीचे.

"आई, तू सांग," कुमार म्हणाला.

माझ्या वडिलांकडे जतच्या माळावर कारवानी कुत्री होती. सशामागे सुटली की वाऱ्याला धाप लागायची. चाबकासारखं लांब शेपूट, वळताना सगळा तोल त्याच्यावर. शिकारी कुत्र्याचं शेपूट कापायचं म्हणजे नावेचं सुकाणू तोडायचं.

"शेपूट राहील," मी म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणाचं काही कापलेलं नाही."

"नाक सोडून," कुमार पुटपुटला. पण शेपूट कापलं नाही.

पिल्लू घरात आलं आणि सगळ्यांत मऊ खुर्चीवर चढून बसलं, उतरेना. म्हणून नाव ठेवलं सरपंच. नात रुही त्याला सार्पी म्हणते. म्हणू दे.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्यात शेपटाचं टोक फुटलं. फुटलेलं शेपूट कुत्रा शांत ठेवत नाही, कारण फुटलंय हे त्याला आनंदाच्या भरात आठवत नाही. आमच्या पांढऱ्या भिंती एसटी स्टँडच्या कोपऱ्यासारख्या दिसायला लागल्या. पट्टी बांधली, त्यानं खाल्ली. जखम भरली, परत उघडली.

जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, आता कापावं लागेल. मोठ्या कुत्र्याचं कापायचं म्हणजे ऑपरेशन, भूल, टाके. पिल्लाइतकं सोपं नाही.

"मग शिकार बंद कर," निधी म्हणाली.

तेही करून पाहिलं. सरपंच घरी बसला. जखमेवर खपली धरली. रुही शाळेतून आली, यानं शेपूट हलवलं, टेबलाच्या कडेवर फाट्‌कन आपटलं, की भिंत पुन्हा लाल.

कुमारनं माझ्याकडे पाहिलं. "आई, आता तूच सांग. तुझंच शेपूट आहे ते."

"आधी हा कुठं पळतो ते दाखव," मी म्हणाले.

परत खपली धरल्यावर शनिवारी गेलो. निधीही आली. माझ्या डोळ्यांपुढे माळ होता. प्रत्यक्षात ब्लॅकबेरीच्या जाळ्या, माणूसभर उंच. करवंदीच्या जाळीनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी असे काटे. कुमारनं सरपंचाला सोडलं. कारवानी डोळ्यांनी शिकार करतो, शेपूट मागून गुमान येतं. हा नाक जमिनीला लावून आत घुसला आणि शेपूट काट्यांत पंख्यासारखं फिरत राहिलं, थांबायचं नाव नाही. डॅरलनं चुकून एक पक्षी पाडला. सरपंच तो तोंडात धरून बाहेर आला. मागे शेपटातून रक्त गळत होतं आणि पुढे तोंडावर नवरदेवाचा थाट.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "कापा."

निधी मागे वळली. "म्हणजे आई, तुमचं चुकलं होतं?"

"माझं काही चुकलं नाही. माळ चुकला."

कुमार गाडी चालवता चालवता हसायला लागला.

"हस. तुला पहिल्यापासून कापायचं होतं ना? मग माझ्यापुढे शेपूट कशाला घातलंस?"



ऑपरेशनला मी बरोबर गेले. सरपंच माझ्या पायांशी बसला आणि येईल-जाईल त्याला शेपूट हलवायला लागला. शेजारच्या मांजरालासुद्धा. पट्टी सुटेल म्हणून मी शेपूट मुठीत धरलं. मुठीतही ते हलतच होतं. त्याला आत न्यायला आलेली पोरगी म्हणाली, "यू कॅन लेट गो नाऊ." मला ऐकू आलं होतं. तरी तिला दोनदा म्हणावं लागलं.

घरी आला तो गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आणि मागे वीतभर थोटूक घेऊन. कोपऱ्यात पडून राहिला. रुही आली, कुमार आला, डॅरल हाडूक घेऊन आला. थोटूक हललं नाही. रुही म्हणाली, "आजी, इज ही मॅड ॲट अस?" मी म्हणाले, सुस्ती आहे. पण चहा घेऊन त्याच्यासमोरच बसायचे, सारखी त्या थोटकाकडे नजर जायची.

मग एका सकाळी कुमारनं कपाट आवरताना शिकारीचे बूट बाहेर काढले. सरपंच उठला. उरलेलं शेपूट पुरेना, म्हणून कमरेपासून मागचा अख्खा कुत्रा हलायला लागला. तोल गेला, नरसाळं माझ्या कपावर आदळलं, चहा भिंतीवर.

"बघा," मी म्हणाले. "पद गेलं तरी मिरवणं जात नाही."

निधी फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं," मी म्हणाले. "रक्तापेक्षा बरा दिसतो."