चुकीच्या मशीनला दिलेली आज्ञा

मी एक आज्ञा आहे. जुन्या घरगुती कॉम्प्युटरला द्यायची. मी एका ओळीत मावते. मशीनच्या पोटातल्या अमुक जागी तमुक आकडा ठेव, एवढंच माझं म्हणणं. एवढ्याशा जिवाने केवढं नुकसान केलं, हे आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

खरं तर माझा जन्म चांगल्यासाठी झाला. त्या काळी पडद्यावर अक्षरं रांगत यायची. मला टाइप केलं की ती पळू लागायची. मग काय, लोक मला कौतुकाने एकमेकांना सांगत सुटले.

अशीच मी एका चष्मेवालीच्या घरी पोचले. तिचे वडील बाजारात लिलाव पुकारायचे. 'एक वार, दोन वार' करत भाव चढवायचे. 'तीन वार' म्हणून हातोडा आपटला की माल गेला. त्यांच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या बाजाराला ठाऊक. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. हात थरथरायचा, पेन धरवेना. एका बोटाने कळ तेवढी दाबता यायची.

म्हणून लेकीने कॉम्प्युटर घेतला. वडिलांची नेहमीची वाक्यं त्यात भरून ठेवली. एक कळ दाबली की पडद्यावर अख्खं वाक्य. पण ते इतकं सावकाश उमटायचं की बाबा कपाळाला हात लावायचे. मग ती रोज सकाळी आधी मला टाइप करायची. बाबा पुन्हा भराभर बोलू लागले, चहात साखर कमी पडली म्हणून भांडूही लागले. मला केवढा अभिमान वाटायचा!

काही वर्षांनी ते मशीन थकलं. तिने त्याच कंपनीचं नवं मॉडेल आणलं आणि पहिल्याच सकाळी, हाताच्या सवयीने, मला टाइप केलं. मी जिथे आकडा ठेवते, नव्या मशीनमध्ये त्याच जागेवरून पडद्याचा कारभार चालत होता. मला ते जाणवलं, पण आज्ञेला नाही म्हणता येत नाही. चित्र आक्रसलं, बारीक शिट्टी वाजली, जळका वास सुटला. तिने धावत जाऊन वायर उपटली. बाबांचं बोट अजून कळेवरच होतं.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून मान हलवली. "ताई, जुन्यात चालायचं ते यात चालत नाही. पडदा जळलाय, आणि याचा पार्ट इथे मिळायचा नाही. भंगारात काढा."

तो गेल्यावर ती खुर्चीत मटकन बसली. "बाबा, तुमचं बोलणं मीच बंद केलं."

तू नव्हे गं, मी! पण मला कुठलं तोंड?

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि मेलेल्या मशीनच्या कळांवर बोट टेकवलं. एक कळ, मग दुसरी. तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि त्यांच्या बोटाकडे बघत एकेक अक्षर जुळवू लागली.

"एक... वार," ती वाचत गेली. "दोन... वार..."

बाबांनी बोट उचललं, हात मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले. ती तिसऱ्याची वाट बघत होती. तो आलाच नाही; माल अजून गेला नव्हता. मग ती रडता रडता हसली.

ते मशीन अजून टेबलावरच आहे. बाबा बोट टेकवतात, ती वाचते. एका वाक्याला चहा निवतो, तरी दोघांनाही घाई नसते. मला आता तिथे कुणी बोलावत नाही, आणि तेच बरं आहे.

तुमच्या माळ्यावर कधी असं जुनं मशीन सापडलं आणि मी आठवले, तर मला टाइप करू नका. अक्षरं सावकाश आली तर येऊ देत. समोरचं माणूस बोलतंय ना?