आमेन होईपर्यंत

क्रिस्टीनानं कॅनडाहून घरचा व्हिडिओ भरून पाठवलेला व्हीआरचा चष्मा याकोब मास्तरांनी दोन दिवस टीव्हीवर नुसता ठेवला होता. बायको गेल्यापासून कोल्हारच्या घरात ते एकटेच. मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांशिवाय बोलणारं कोणी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो एकदाचा डोळ्यांवर चढवला, आणि बघतात तर काय, ते थेट लेकीच्या जेवणाच्या टेबलाशी! समोर क्रिस्टीना, मान इकडे वळवली की जावई, तिकडे वळवली की नात. मास्तरांनी आधी घाईघाईनं पायातल्या चपला काढल्या.

"प्रार्थना करू या," जावई म्हणाला. मास्तरांनी हात जोडले, डोळे मिटले. साठ वर्षांची सवय ती! 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर सगळा अंधार. व्हिडिओ संपलेला.

"हात्तिच्या! लई भक्त लागून गेलो मी!" स्वतःवरच चिडून त्यांनी तो पुन्हा लावला. या खेपेला देवाची क्षमा मागून डोळे उघडे ठेवले.

जावयाचे डोळे मिटलेले होते, नातीचेही. क्रिस्टीनाचे मात्र उघडे होते. ती थेट त्यांच्याकडे बघत होती आणि आवाज न करता रडत होती.

पप्पा आत्ता डोळे मिटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.