सर्दीची एक गोळी

औषधांच्या दुकानात मी एकेचाळीस वर्षं काउंटरमागे उभी होते. तेव्हा खेळाडू यायचे ते पट्टी आणि आयोडीन मागायला, फार तर ग्लुकोजचा पुडा. आता माझ्या सुनेच्या ओट्यावर प्रतिकारशक्ती वाढवायचे डबेच डबे. व्हिटॅमिन सी, झिंक, कसलीशी पावडर. ताट ठेवायला जागा नाही.

सून सायकलपटू. वय तेहतीस. रविवारची शर्यत म्हणजे संघात जाण्याची तिची शेवटची संधी. पुढच्या वर्षी आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे तीच सांगायची.

गुरुवारी चार तास सायकल मारून आली आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात फरशीवर बसली.

"घसा धरला?"

"धरला. मंगळवारी जोराचा सराव होता ना, तिसऱ्या दिवशी धरतोच."

"मग हे डबे काय शोभेला मांडलेत?"

"आई, डबे आहेत म्हणून तिसऱ्या दिवशी. नाहीतर दुसऱ्याच दिवशी धरला असता."

शुक्रवारी संध्याकाळी तिचं नाक पार चोंदलं. दुकानात मी शेकडो लोकांना दिलेली सर्दीची गोळी माझ्या कपाटात होती. ती दिली. डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचणारी ही पोरगी, माझ्या हातची गोळी न बघता गिळून मोकळी झाली.

शनिवारी सकाळी गोळीचं पाकीट टाकताना मी सहज भिंगातून वाचलं. मग फ्रिजवर चिकटवलेली बंदी असलेल्या औषधांची यादी पाहिली. गोळीतल्या औषधाचं नाव तिथे होतं.

सगळ्यांची काही तपासणी होत नाही. उद्यापर्यंत अंगातून उतरेलही. मुलगा कामासाठी परगावी, विचारायला कोणी नाही. चहा थंड होईस्तोवर मी तशीच उभी राहिले. मग तिच्या खोलीत जाऊन सांगितलं.

तिने तिथल्या तिथे तिच्या क्लबच्या डॉक्टरांना फोन लावला.

"उद्यापर्यंत निघून जाईल याची खात्री मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सापडलीस तर बंदी येईल. ठरव तू."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "एकेचाळीस वर्षं, आई!" एवढंच म्हणाली. मग प्रशिक्षकांना फोन करून नाव काढायला सांगितलं.

रविवारी आठ वाजता, शर्यत सुटायच्या वेळी, ती अंथरुणातच होती. कपाळ तापलेलं.

"खाशील काही?"

"नको. इतकी दमलेय की रडूही येत नाहीये." मग म्हणाली, "तुमच्यावर चिडलेय मी."

"चीड बाई. चिडायलाच हवं."

तिने भिंतीकडे तोंड केलं. पांघरूण सारखं करायला मी हात पुढे केला, तर तिने खांदा आखडून घेतला. मी खुर्चीत बसून राहिले. उठायचं त्राण मलाही नव्हतं.