पुळणीखालची होडी

वादळ तीन दिवस घोंगावत होतं. चौथ्या दिवशी सकाळी एरुंदिना आणि तिची शेजारीण दोसिंदा वाळूतले तिसऱ्यांचे शिंपले काढायला निघाल्या. काटेरी झुडपांतून उतरणारी ती वाट गावाबाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हती. स्पेनमधल्या गालिसियाचा अख्खा किनारा ऑगस्टात माणसांनी फुलायचा, पण या वाळूच्या पुळणीवर परकं पाऊल पडत नसे.

शेवटच्या वळणावर एरुंदिना थबकली. पुळण नव्हतीच. वाळू वाहून गेली होती आणि खाली काळे धोंडे उघडे पडले होते.

"अगं बाई! समुद्रानं गिळली की काय?" दोसिंदाच्या हातातलं दाताळं गळून पडलं.

एरुंदिनाचं तिकडे लक्ष नव्हतं. धोंड्यांमध्ये एक होडी आडवी पडली होती, अर्धी कुजलेली. ती जवळ गेली. होडीच्या कडेला एका फळीचं ठिगळ होतं आणि त्या फळीला दाराची लोखंडी बिजागरी तशीच होती. एरुंदिनानं ती बिजागरी लगेच ओळखली.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या बाबांनी, एवारिस्तोंनी, स्वयंपाकघराचं जुनं दार कापून होडीला ठिगळ लावलं होतं. "बिजागरी तरी काढा, लोक हसतील," असं आई म्हणाली होती. त्याच महिन्यात बाबा मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. त्याच आठवड्यात खानावळीतली एक बाईही गाव सोडून गेली. गावानं दोन्हींचा संबंध जोडला: एवारिस्तो होडी विकून तिच्याबरोबर व्हेनेझुएलाला पळाला. आईनं, बाल्बिनानं, नवऱ्याचा फोटो चुलीत घातला आणि विधवेचे काळे कपडे कधी अंगाला लावले नाहीत.

"दोसिंदा, हे बाबा आहेत," एरुंदिना कशीबशी म्हणाली. "चाळीस वर्षं मी इथेच बसून भाकरी खाल्ली गं."

दोसिंदा तिला धरून घरी घेऊन आली.

घरी आई बटाटे सोलत होती. एरुंदिनानं एका दमात सगळं सांगून टाकलं. आई सोलतच राहिली. एकच बटाटा, पार सुपारीएवढा होईपर्यंत.

"बिजागरी होती?" तिनं विचारलं.

"होती."

"मला घेऊन चल."

दोघींनी दोन्हीकडून धरून तिला खाली नेलं. ओहोटी संपत आली होती. बाल्बिना त्या गंजलेल्या लोखंडावरून बोटं फिरवत राहिली आणि एकाएकी तिनं होडीवर जोरात थाप मारली.

"मेल्या, इतक्या जवळ होतास! मग मला चाळीस वर्षं शिव्या का घालू दिल्यास?"

पाणी घोट्यापर्यंत आलं तरी ती हलेना. शेवटी एरुंदिनानं दगडानं ठोकून ती फळी सुटी केली आणि काखेत मारली, तेव्हा कुठे म्हातारी वळली.

रविवारी चर्चमध्ये एवारिस्तोसाठी मृत्यूची घंटा वाजली. बाल्बिनाकडे घालायला काळं काहीच नव्हतं. दोसिंदानं आपला काळा झगा दिला. तो तिला खांद्यात ढगळ झाला. गावातली माणसं एकेक करून पुढे येत होती, तिचा हात हातात घेत होती, आणि कुणालाच तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.