सेकित्तोच्या खिडकीपाशी

नवऱ्याच्या, सेकित्तोच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून नाबुकीराला धड झोप अशी नव्हतीच. त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं आणि मग कोयता घेऊन केळीच्या बागेत जायचं. त्यात ही सुगरण पाखरं! अंगणातल्या मुटुबाच्या झाडावर त्यांची घरटीच घरटी लोंबत होती. झुंजुमुंजू व्हायच्या आत कलकलाट सुरू. घरट्यांसाठी केळीच्या पानांच्या नुसत्या चिंध्या करून न्यायची. मटोक्याची हिरवी केळी वाफवायला गुंडाळावी म्हटलं, तर बागेत एक सलग पान मिळेना.

शेवटी तिने दिराला बोलावलं. "कामोगा भावजी, फांद्या उतरवा एकदाच्या."

"दादाला विचारलंत का, वहिनी?"

"त्यांना काय विचारायचं? पानं शोधत मी हिंडते."

दुपारपर्यंत कामोगाने फांद्या उतरवल्या. खाली आलेली बरीच घरटी वाळकी, रिकामीच निघाली. काहींत अंडी होती, ती फुटली. नाबुकीराने तिकडे फारसं न बघता झाडून घेतलं.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी तोच कलकलाट घरामागून आला. पाखरांनी तिथलं शिंदीचं झाड गाठलं होतं, सेकित्तोच्या खिडकीला अगदी लागून. नाबुकीरा काठी घेऊन तणतणत खोलीत शिरली.

सेकित्तोने चांगला हात वर केला. "थांब. तो बघ."

काळ्या डोक्याचा पिवळा नर नव्या हिरव्या घरट्याला उलटा लटकून पंख फडफडवत होता. मादी आली, आत डोकावली, चोचीने एक धागा ओढून पाहिला आणि उडून गेली. नर थोडा वेळ तसाच लटकला. मग स्वतःच घरटं उसवायला लागला.

"कालपासून हे दुसरं," सेकित्तो अडखळत म्हणाला. "बाईसाहेबांना पसंतच पडत नाही."

"मीही लग्नाआधी असंच ओढून बघायला हवं होतं."

तो हसला. तोंड एकाच बाजूने हललं, पण हसला. तिलाही हसू आलं आणि हातातली काठी उगाच जड वाटली. ती तिने भिंतीला टेकवली.

"जरा टेकते हं," म्हणत ती खाटेच्या कडेवर बसली आणि त्या गोंगाटातच बसल्या जागी तिचा डोळा लागला.

सेकित्तोला तहान लागली होती. पाण्याचा मग तिच्या पलीकडे होता. त्याने हाक मारली नाही.

त्या दिवशी जेवायला संध्याकाळ झाली.