थोरल्याच्या वाट्याचं घड्याळ

पिंप्राळ्यातल्या त्या घराची वाटणी झाली तेव्हा जिना आणि माडी धाकट्याकडे गेली, अंगण आणि खालचा भाग थोरल्याकडे, आणि मधली खोली तेवढी दोघांत राहिली, कारण दोघांनी मिळून घेतलेला कॉम्प्युटर तिथं होता. थोरला हेमराज चौदा वर्षं त्यावर समाजाच्या निधनवार्ता आणि उत्तरकार्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या पत्रिका बनवत आला होता. धाकटा भूपेंद्र केळीच्या रोपांची नर्सरी चालवायचा आणि गिऱ्हाइकांची पत्रं त्यावरच काढायचा. माझी फाइल तू उघडलीस, माझी तू पुसलीस, यावरून रोज जुंपायची. शेवटी धुळ्याहून, देवपुरातून पंडितमामा आले, दोघांचं ऐकून घेतलं आणि वैतागून म्हणाले, "बठ्ठं वाटाई गयं ना? मंग हाई मशीनबी वाटी टाका!"

मशीन वाटायचं म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात दोन सिस्टिमी बसवायच्या. सुरू करताना ज्याने त्याने आपापली निवडायची आणि दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. रीत ठरलेली होती. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा, आणि वाटे मांडून झाले की थोरल्याने कशाला हात लावायचा नाही. हेमराजने मोबाईलवर व्हिडिओ बघत दोन दिवस खपून डिस्कचे दोन भाग केले. एका भागात जुनी विंडोज राहू दिली. तिच्यात त्याचे मराठी फॉन्ट, नक्षीच्या चौकटी, चौदा वर्षांत गेलेल्या माणसांचे फोटो, पण मोकळी जागा चिमूटभर. दुसऱ्या भागात लिनक्स, कोरी करकरीत, आणि जागा तिप्पट. भूपेंद्र हावरा आहे, मोठ्या जागेवर झडप घालणार, याची त्याला इतकी खात्री की स्वतःच्या चौकटींची एक प्रतसुद्धा त्याने काढून ठेवली नाही.

भूपेंद्रने पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या, मामांकडे बघितलं आणि विंडोजवर बोट ठेवलं. त्या चौकटींचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने आपल्या वाट्याला पासवर्ड टाकला, वायफायचाही बदलला, आणि त्या दिवसापासून तो हेमराजला 'तुम्ही' म्हणू लागला. पाठचा भाऊ असा एकाएकी मान द्यायला लागला की समजावं, आतून कडी लागली. वर्ष झालं, कडी निघाली नव्हती.

कोऱ्या वाट्यात हेमराजने दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून चौकटी आखल्या. तिथलं घड्याळ मात्र साडेपाच तास पुढे धावे. दोन सिस्टिमी मशीनचं एकच घड्याळ वेगवेगळ्या हिशेबाने वाचतात, आणि इंटरनेट नसलं की ते तसंच राहतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. दुरुस्तीची एक ओळही दिली होती. हेमराजने ती मुद्दाम टाकली नाही. माझा वाटा, माझी वेळ. कोण मला विचारतो!

वैशाखातल्या एका सकाळी दहा वाजता त्याने कामाचा फोल्डर उघडला, तर आत मेहरूणच्या बेबाबाईंची निधनवार्ता तयार होती. चौकट त्याची, शब्द त्याचे, आणि बनवल्याची वेळ दुपारी तीन वीस. कॉम्प्युटरच्या मते दहाच मिनिटांपूर्वीची. बेबाबाई काल संध्याकाळी देवळात भेटल्या होत्या. त्याने घाईघाईने ती पुसून टाकली आणि पाणी प्याला. दुपारी तीनला त्यांच्या घरून फोन आला.

मग झिपरू आबा. मग आणखी दोघं. आधी हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस कशालाही सरावतो. तो पुसेनासा झाला. फोन आला की पाच मिनिटांत वार्ता ग्रुपवर जाई, आणि लोक म्हणत, हेमराजभाऊंचं काम म्हणजे काम! त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मंगळवारी सकाळी साडेअकराला फोल्डरमध्ये भूपेंद्र होता.

दुपारी साडेचार वाजता आकस्मिक निधन, अंत्ययात्रा पिंप्राळ्याच्या राहत्या घरून. हा फोटो हेमराजकडे कधीच नव्हता. आकाशी शर्ट, मागे पांढरी भिंत, आणि भूपेंद्र दातांतली फट दिसेल असा हसत होता. हेमराज घाबरून खुर्चीवरून उठला. आणि त्या भीतीच्या तळाशी, खोटं कशाला बोलायचं, थोडं समाधानही होतं.

जिन्यावर पावलं वाजली. भूपेंद्र मोटरसायकलची किल्ली घेऊन खाली आला. अंगात चौकडीचा शर्ट होता.

"कुठं?" हेमराजने वर्षभरात पहिल्यांदा विचारलं.

"धुळ्याला. तुम्हाला काय करायचंय?"

जाऊ नको, एवढे दोन शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्या 'तुम्हाला'ने हेमराजच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मला काय करायचंय! जा."

गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला. दुपारभर तो जेवला नाही. दोनदा त्याने फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

चार वाजून गेले आणि गाडी परत आली. भूपेंद्र धडधाकट होता. माडीवर गेला, तोंड धुऊन, कपडे बदलून खाली आला आणि मधल्या खोलीच्या दारात उभा राहिला. आता त्याने आकाशी शर्ट घातला होता.

"भाऊ, एक फोटो काढून दे. नर्सरीच्या परवान्याला लागतो." मग मान खाली घालून त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "मामांनी फार फैलावर घेतलं मला. हा पासवर्ड. तुझ्या चौकटी तू काढून घे. मी उगाच केलं ते."

तो भिंतीपुढच्या खुर्चीवर बसला. भिंत पांढरी होती. हेमराज सगळ्यांचे फोटो तिथंच काढायचा. सांगायचं म्हणजे सकाळचंही सांगावं लागलं असतं. त्याने मोबाईल वर उचलला.

"हसू नको," तो म्हणाला.

"का?"

"फॉर्मला चालत नाही. अजिबात हसायचं नाही, सांगून ठेवतो!"

"घ्या! लागला लगेच हुकूम सोडायला," भूपेंद्र म्हणाला आणि दातांतली फट दिसेल असा हसला.

चौदा वर्षांच्या सवयीने हेमराजचा अंगठा दाबला गेला. मोबाईलवरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते.

"बसून राहा. उठू नको."

"बघू तरी, कसा आला," म्हणत भूपेंद्र उठला होता.