उबेचा हिशेब

"अंडी गेली तर तुझ्या हातानं गेली असंच म्हणीन मी!" उबवण पेटीवर दोन्ही हात पसरून थोरली ओरडली. "कॉइल जळालीय. दुसरी बसव म्हणते, तर मीटर घेऊन खेळत बसलीस!"

धाकटी जाऊ मीटरवरचा विजेचा आकडा बघत होती. माहेरी बापाच्या, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात वाढलेली ती. तिला बोलण्यापेक्षा तारा जवळच्या.

रोगानं गावातली खुराडी ओस पडली होती. थोरलीच्या कोंबड्याही माना टाकून गेल्या. मागं उरली ही पेटीभर अंडी. पिल्लं बाहेर यायला दोनच दिवस राहिले, आणि थंडीनं दात दाखवले. उष्णता आपोआप राखणारं यंत्र कधीचंच बिघडलेलं. बटण हातानं चालू-बंद करायचं. सकाळपासून बटण चालूच, तरी पेटी गार पडत चालली होती.

"जाऊबाई, कॉइल धडधाकट आहे," धाकटी अखेर म्हणाली. "विजेचा दाब एकशे साठ, प्रवाह दोन. भागले की कॉइलचा रोध ऐंशी. पहिल्यापासून तेवढाच आहे. वीजच उपाशी येतेय."

"मग ऊब कुठं गेली?"

"दाब गुणिले प्रवाह. तीनशे वीस वॅट. पुरा दोनशे तीस दाब असता तर सहाशे साठ झाले असते. शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू आहेत, आपल्या ताटात निम्मंच पडतंय."

थोरलीनं एक अंडं कानाला लावलं. आत काही हललं का नाही, कळेना.

"काय करायचं ते कर बाई. पण लवकर कर."

"दुसरी कॉइल बदलून नको, पहिलीच्या जोडीला लावू. दोन वाटा झाल्या की रोध चाळीस, प्रवाह चार, वॅट सहाशे चाळीस. फक्त मोटारी थांबल्या की दाब उसळेल. वॅट तेराशेच्या वर जातील. अंडी उकडतील. दोन्ही कॉइलना वेगळं बटण ठेवते, तेव्हा एक लगेच बंद करायचं."

पेटी तापू लागली. थोरली मीटरसमोर ठाण मांडून बसली. धाकटी पाणी आणायला गेली, आणि मोटारी थांबून शिवार एकदम मुकं झालं. मीटरचा आकडा उडाला. थोरलीनं झडप घालून एक बटण ओढलं, ते अडकलं. दुसरंही हलेना. दोन्हींशी झटण्यात बराच वेळ गेला. शेवटी तिनं भिंतीवरचा मोठा खटकाच पाडला, झाकण भिरकावलं आणि पदरानं वारा घालत सुटली. धाकटी धावत आली तोवर कॉइलकडची अंड्यांची ओळ हात लावू देत नव्हती.

ती ओळ फुटलीच नाही. मधल्या अंड्यांतही बरीच मुकी राहिली. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या कोपऱ्यातून ओंजळभर पिल्लं तेवढी बाहेर आली, ओली, लटपटत.

धाकटी मेलेली अंडी टोपलीत भरताना हुंदके देऊ लागली. "माझ्यामुळं झालं, जाऊबाई. बटणं आधी तपासायला हवी होती."

"हवी होती," थोरली म्हणाली. तिचेही डोळे भरलेच होते. "आणि तू नसतीस तर ही ओंजळही थंडीनं गेली असती. दोन्ही खरं."

तिनं एक पिल्लू उचलून धाकटीच्या तळहातावर ठेवलं. ते थरथरत होतं.

"रडून ऊब मिळत नाही. ऊठ, मीटर लाव. वीज किती येतेय बघ."